पोटात इतके जीवाणू, ताटात रोज दही, मग माझं बी १२ गेलं कुठे?

चहाबाज

मंडळी, गेले तीन-चार महिने तळपायांना मुंग्या येत होत्या. बसून काम, वय पन्नाशीकडे, म्हणून दुर्लक्ष केलं. शेवटी बायकोने धरून नेलं आणि रक्त तपासलं. बी १२ आलं १३२. कागदावर खाली लिहिलंय की किमान २०० तरी हवं. याआधी एका ठिकाणी थकवा सांगितला तर लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं, ते वेगळंच.

माझा प्रश्न औषधाचा नाही, ते सुरू झालंय. प्रश्न असा की कुठेही वाचा, 'बी १२ फक्त जीवाणू बनवतात' हेच लिहिलेलं. बरं. मी रोज दुपारी वाटीभर दही खातो, तेही घरी विरजलेलं. आठवड्यातून दोनदा इडली-डोसा. शिवाय आपल्या आतड्यात म्हणे कोट्यवधी जीवाणू नांदतात. म्हणजे कारखाना पोटातच, कामगार फुकट, आणि मालक उपाशी? जाणकारांनी उजेड पाडावा.

(घरी शाकाहार. बाहेर कधीमधी अंडं. चहा दिवसाला सहा.)

पेठकर

सहा कप चहातलं दूध एकत्र केलं तरी अर्धा ग्लास भरणार नाही. आयडीला जागलात.

हिरवी मिरची

स्पिरुलिना सुरू करा, शंभर टक्के नैसर्गिक बी १२. माझ्या जावेला फरक पडला. हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सूक्ष्मा

चहाबाज, प्रश्न झकास आहे. अठरा वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतेय, पण एकाही विद्यार्थ्याने तो असा थेट विचारला नाही. तुकड्यातुकड्यांत उत्तर देते, आज फक्त दही.

'जीवाणू बी १२ बनवतात' हे वाक्य खरं आहे, पण त्यात 'सगळे' हा शब्द नाही. झाडं, प्राणी, बुरशी यांपैकी कुणालाच ते जमत नाही. जमतं ते काही जीवाणूंना आणि त्यांच्या आर्किया नावाच्या दूरच्या भाऊबंदांना. दही लावणारे त्यात मोडत नाहीत. दुधातलं लॅक्टोज खाऊन आम्ल करणं हे त्यांचं काम. दुधात सगळं आयतं मिळत असल्याने त्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या बरीचशी कौशल्यं टाकूनच दिली आहेत.

याचा पुरावाही मजेशीर आहे. अमेरिकेत मेरी शॉ शॉर्ब नावाच्या बाई सरकारी दुग्धखात्यात लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर हा दह्यातला जीवाणू वाढवायचं काम करत होत्या. तो साध्या खाद्यावर वाढेना. यकृताचा अर्क घातला की तरारायचा. आता, रक्तक्षयाचा एक जीवघेणा प्रकार यकृत खाऊन बरा होतो हे १९२६ पासून माहीत होतं, त्यावर १९३४ चं नोबेलही दिलं गेलं. पण यकृतातला नेमका कोणता पदार्थ काम करतो ते सापडत नव्हतं, कारण प्रत्येक अर्क तपासायला खराखुरा रुग्ण लागायचा. शॉर्बबाईंनी ताडलं की माझ्या जीवाणूला जे हवंय तेच रुग्णालाही हवंय. मग रुग्णाऐवजी परीक्षानळीत जीवाणू ठेवायचा. जितका वाढेल तितका तो पदार्थ जास्त. या मोजपट्टीच्या जोरावर मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये लाल स्फटिक वेगळे काढले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोनेही. तेच बी १२.

म्हणजे दह्यातला तो जीवाणू शास्त्राच्या कामी आला तो बी १२ *बनवतो* म्हणून नाही, त्याच्यावाचून त्याचं *अडतं* म्हणून! तुमच्या विरजणात त्याचेच जवळचे नातेवाईक असतात. दह्यात जे बी १२ असतं ते दुधातून आलेलं. आणि विरजताना त्यातलं थोडं हे पाहुणेच फस्त करतात.

चहाबाज

अरे देवा. म्हणजे मी त्यांना जेवू घालत होतो.

पेठकर

आणि वर साखर घालून.

निवांत_न्यूजर्सी

सूक्ष्माताई, मर्कचं नाव वाचून राहवलं नाही. ते काम आमच्या इथल्या राहवे शहरातलं, एडिसनहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. यकृतातून बी १२ काढणं म्हणजे गाडाभर यकृतातून चिमूटभर माल. पण त्याच सुमारास मर्कला ते दुसरीकडेच सापडलं, स्ट्रेप्टोमायसिन बनवायच्या टाक्यांत. स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस हा मातीतला जीवाणू क्षयाचं औषध करता करता बी १२ ही करून ठेवत होता. या जीवाणूला २०१९ मध्ये न्यूजर्सीने 'राज्य सूक्ष्मजीव' जाहीर केलंय. आपल्याकडे शेकरू आणि हरियाल, इथे हा.

डॉ_ओपीडी

धागाकर्त्यांना दोन प्रश्न. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेता का? घेत असाल तर किती वर्षं? आणि आम्लपित्ताची गोळी?

चहाबाज

मेटफॉर्मिन सहा वर्षं. पित्ताची गोळी... सकाळी उपाशीपोटी, तीन वर्षं असेल. चहा सोडायला सांगणार असाल तर मी धागा बंद करतो.

डॉ_ओपीडी

चहा राहू द्या. पण तुमच्या १३२ चा निम्मा उलगडा इथेच झाला असावा. अन्नातलं बी १२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. सुटल्यावर जठरातूनच स्रवणारं एक प्रथिन, इन्ट्रिन्सिक फॅक्टर, त्याला पकडतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत नेतं. शोषण होतं ते तिथेच. तुम्ही आम्ल दाबलंत, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की हे शोषण कमी होतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, फक्त तुमच्या डॉक्टरांना हे सांगा.

पोटातल्या कारखान्याचं उत्तरही याच भूगोलात आहे. जीवाणूंची मुख्य वस्ती मोठ्या आतड्यात. तिथले काही बी १२ बनवतातही. पण शोषणाचं ठाणं आधीच मागे पडलेलं असतं. गाडी ठाण्याला लागून गेली आणि बटाटेवडेवाला कल्याणला चढला, अशी गत. त्यातून तिथे तयार होणारा बराच माल बी १२ सारखा दिसणारा, पण आपल्या उपयोगाचा नसलेला असतो. सकाळी सगळं बाहेर.

गोठ्यातला_डॉक्टर

सशाला हे कळलंय बरं का. तो रात्री एक वेगळी मऊ लेंडी टाकतो आणि लगेच तोंड लावून खातो. माल पुन्हा पहिल्या स्टेशनपासून निघतो.

पेठकर

चहाबाज, उपाय मिळाला. धागा बंद करा.

चहाबाज

😂 १३२ च बरं आहे.

सूक्ष्मा

डॉक्टरांच्या उत्तराला एक पुरवणी. आपल्याकडच्या लोकांच्या *लहान* आतड्यातही थोडे जीवाणू असतात. १९८० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या अल्बर्ट, मथान आणि बेकर यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की त्यातले क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास बरंच बी १२ तयार करू शकतात, म्हणजे ठाण्याच्या अलीकडेच! त्यामुळे काही शाकाहारी लोकांची गाडी रखडतखडत का होईना चालत असावी. पण याच्या भरवशावर कुणी राहू नये. त्याच जागी जीवाणू बेसुमार वाढले तर उलट तेच बी १२ खाऊन टाकतात आणि कमतरता होते.

अस्सल_देशी

आला आणखी एक शाकाहाराला नावं ठेवणारा धागा. आमचे आजोबा ९१ वर्षं जगले, मटणाला हात लावला नाही. विहिरीचं पाणी, शेणाने सारवलेली जमीन, न धुतलेला मुळा. त्यातूनच मिळायचं सगळं. फिल्टर आले आणि आजार आले.

गोठ्यातला_डॉक्टर

नावं कोण ठेवतंय? उलट ऐका. मटणात बी १२ येतं कुठून? बोकडाला तरी कुठे बनवता येतं! गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटात जीवाणूंची भट्टी लागलेली असते. चारा आंबतो, जीवाणू वाढतात, बी १२ करतात, आणि मग ते सगळं पुढे लहान आतड्यात जातं. डॉक्टरसाहेबांच्या भाषेत बटाटेवडेवाला दादरलाच चढतो. दूध पिणारा आणि मटण खाणारा, दोघंही त्याच भट्टीचे गिऱ्हाईक. भांडण कशाला?

पण त्या भट्टीला एक गोष्ट बाहेरून लागते, कोबाल्ट. बी १२ च्या रेणूच्या मधोमध त्याचा एक अणू बसलेला असतो. जमिनीत कोबाल्ट नाही तर चाऱ्यात नाही, चाऱ्यात नाही तर जीवाणू हात चोळत बसतात.

याची गोष्ट आमच्या शिक्षणात होती आणि मला ती फार आवडते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या काही कुरणांवर मेंढ्या गुडघाभर गवतात उभ्या राहून खंगून मरायच्या. रक्त पातळ, भूक नाही. न्यूझीलंडमध्ये त्याला 'बुश सिकनेस' म्हणत. लोकांना वाटलं लोह कमी आहे. लिमोनाइट नावाचं लोहखनिज चारलं आणि मेंढ्या सुधारल्या! झालं, सिद्ध. पण एका ठिकाणचं खनिज लागू पडे, दुसऱ्या ठिकाणचं नाही. आणि लोह लागायचं तेही भरमसाट. पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी त्या खनिजातलं लोह काढून टाकलं आणि उरलेला अर्क मेंढ्यांना दिला. तरीही मेंढ्या बऱ्या झाल्या. १९३५ पर्यंत गुन्हेगार सापडला होता. खनिजात भेसळीसारखा मिसळलेला किंचितसा कोबाल्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्सही त्याच उत्तराला पोचले.

आणखी गंमत म्हणजे कोबाल्ट मेंढीला टोचला तर उपयोग होत नाही, चारला तरच होतो. तेव्हा याचं कारण कळेना. बी १२ सापडल्यावर कळलं की कोबाल्ट मेंढीला नकोच होता, तिच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंना हवा होता. पुढे तिकडे कोबाल्टची जड गोळी मेंढीला गिळायला देऊ लागले. ती पोटात बसून राहते आणि महिनोन् महिने झिजत राहते.

चहाबाज

म्हणजे मेंढीलाही आधी लोहच दिलं होतं. मला एकट्यालाच नाही. बरं वाटलं.

डॉ_ओपीडी

अस्सल_देशी, मातीत आणि शेणात बी १२ असतं हे बरोबर. पण अंदाज आणि मोजमाप वेगळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांची आकडेवारी छापली. खेड्यातले, वस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांचं बी १२ कमी. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. म्हणजे फिल्टरवाल्यांची दशा वाईट खरीच, पण खेड्यातले विहिरीवाले सुटले असंही नाही.

याच गटाचं गरोदर मातांवरचं काम त्याहून महत्त्वाचं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून ते सुरू आहे. आईचं फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) चांगलं आणि बी १२ कमी, अशा जोडीच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. म्हणून नुसती फोलिक ॲसिडची गोळी चघळत बसणाऱ्यांनी सावध. रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

लालबागची_सून

फोलिक ॲसिडचा विषय निघालाच आहे तर आमच्या गिरणगावाचं नाव घेतलंच पाहिजे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून काम केलं. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयाने दगावत होत्या. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, मग त्या बायका काय खातात ते पाहिलं. माकडावर प्रयोग केले. शेवटी लागू पडलं काय, तर मार्माइट! दारूच्या भट्टीतलं उरलेलं यीस्ट आटवून केलेलं, पावाला लावायचं स्वस्त चाटण. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अनाम पदार्थाला कितीतरी वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे तेच फोलेट निघालं. माझ्या आजेसासूबाई गिरणीत होत्या. त्या काळच्या बाळंतपणांच्या गोष्टी ऐकल्यात, म्हणून हे वाचलं तेव्हा गलबलून आलं होतं.

यीस्ट जीवाणू नाही हे मला ठाऊक आहे, सूक्ष्माताई, मार्क कापू नका.

सूक्ष्मा

कापत नाही, दोन जास्त देते. फोलेट यीस्टही करतं, झाडंही करतात, आणि बरेच जीवाणूसुद्धा. चहाबाज, तुमच्या दह्याची थोडी अब्रू राखते. दही लावणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस फोलेट बनवतो, त्यामुळे दह्यात ते दुधापेक्षा जास्त भरू शकतं.

जीवाणूंचं हे फोलेट आपल्या आणखी एका कामाचं. ते बनवताना त्यांना पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल लागतं. सल्फा औषधं हुबेहूब त्याच्यासारखी दिसतात. जीवाणू फसून तो खोटा भाग उचलतो, काम अडतं, वाढ थांबते. आपण मुळात फोलेट बनवतच नाही, आयतं खातो, म्हणून आपल्याला धक्का नाही. परावलंबी असण्याचा असाही फायदा.

नवी_आई

मध्येच विचारते. बाळ झाल्या झाल्या त्याला व्हिटॅमिन के टोचलं. तेही जीवाणूंचंच काम आहे का?

डॉ_ओपीडी

हो, निम्मंअधिक. के १ पालेभाजीतून, के २ चे बरेच प्रकार जीवाणूंकडून. बाळाच्या आतड्यात वस्ती व्हायची असते, वारेतून के फारसं जात नाही, आईच्या दुधातही ते कमी. रक्त गोठायला ते लागतं, म्हणून टोचतात. तुम्ही योग्य तेच केलंत.

टाकीवाला

उशिरा आलो. औषध कंपन्यांच्या फर्मेंटेशनमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त. चहाबाज घेतात ती १५०० मायक्रोग्रॅमची बी १२ ची गोळीही शेवटी टाकीतूनच येते, कोणी हाताने घडवत नाही. घडवून पाहिली होती. हार्वर्डचे वुडवर्ड आणि झ्युरिकचे एशेनमोझर यांनी शंभरेक रसायनशास्त्रज्ञ हाताशी घेऊन दशकभर खपून १९७२ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत उभा केला. अफाट काम, पण त्या रस्त्याने कोणी कारखाना काढला नाही. जीवाणू स्वस्त पडतो.

कारखान्यात मुख्यतः दोन जातींचे कामगार. एक स्यूडोमोनास डिनायट्रिफिकन्स, याला हवा भरपूर लागते. दुसरा प्रोपिओनिबॅक्टेरियम. स्विस चीजला भोकं पाडतो तोच, त्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे ते बुडबुडे. याची तऱ्हा वेगळी. आधी काही दिवस हवा बंद ठेवायची, मग हळूहळू सोडायची. बीट साखरेची मळी, कोबाल्टचं मीठ, तापमान सांभाळणं आणि रात्रपाळीला जागं राहणं. बॅच जमत आली की रस्सा गुलाबीसर होतो. शेवटी पेशी तापवून माल सोडवतात आणि त्यात सायनाइड घालतात. दचकू नका, त्याने रेणू टिकाऊ होतो. सायनोकोबालमिन नावातला 'सायनो' तोच. गोळीतलं सायनाइड नगण्य असतं.

निवांत_न्यूजर्सी

आधी हवा बंद आणि मग सुरू, हे का पण?

सूक्ष्मा

वाटच पाहत होते कुणी विचारेल म्हणून!

रक्तातलं हीम, पानातलं क्लोरोफिल आणि बी १२ ही सख्खी भावंडं. तिघांची सुरुवात एकाच कड्यापासून होते. एकात लोह बसवलं, दुसऱ्यात मॅग्नेशियम. बी १२ साठी जीवाणू त्या कड्यातला एक कार्बन चक्क कापून काढतो, कडं आवळतो आणि मध्ये कोबाल्ट बसवतो. काही जीवाणू ऑक्सिजनशिवाय करतात आणि कोबाल्ट आधीच घालतात. स्यूडोमोनाससारखे ऑक्सिजन वापरतात आणि कोबाल्ट बऱ्याच उशिरा घालतात. सगळ्या मिळून तीसेक पायऱ्या. कपड्यावर भरतकाम करण्याइतकं किचकट, म्हणून बहुतेकांनी नादच सोडला.

आता खालचा तुकडा. कड्याच्या खाली डायमिथिलबेन्झिमिडॅझोल नावाचा एक भाग लटकतो. तो कशातून होतो? राइबोफ्लेविनपासून बनलेल्या रेणूतून, म्हणजे बी २! ब्लूबी नावाचं एन्झाइम तो रेणू फोडून हा तुकडा काढतं, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. अल्फाल्फाच्या, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जीवाणूवर ते काम झालं. एक जीवनसत्त्व मोडून दुसरं घडवायचं! आणि या मोडतोडीला ऑक्सिजन लागतो. टाकीवाले काका शेवटी हवा का सोडतात ते इथे कळतं.

हिरवी मिरची, स्पिरुलिनाही इथेच अडकते. तिच्या रेणूत खालचा तुकडा वेगळा असतो, ॲडेनिन. आपला इन्ट्रिन्सिक फॅक्टर त्याला ओळखत नाही. जीवाणूवर मोजणाऱ्या जुन्या चाचणीत मात्र तेही बी १२ म्हणून मोजलं जातं, त्यामुळे डब्यावर आकडा छान दिसतो.

हिरवी मिरची

जावेला फरक पडला होता पण.

पेठकर

डबा संपल्यावर पडला असेल.

चहाबाज

एक शेवटची शंका. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम म्हणे, मग गोळी १५०० ची कशाला?

डॉ_ओपीडी

इन्ट्रिन्सिक फॅक्टर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच वाहू शकतो. त्यापलीकडचं नुसतं झिरपत आत जातं, साधारण शेकडा एक. १५०० चे झाले पंधरा. फॅक्टर चालला नाही तरी तेवढे पोचतात. भरलं की यकृत दोन-चार मिलिग्रॅम साठवून ठेवतं, वर्षानुवर्षं पुरेल इतकं. म्हणूनच कमतरता दिसायलाही वर्षं लागतात. आणि ग्लासभर दुधात एकच मायक्रोग्रॅम असतं, तेही तुमच्यासारखं उकळून उकळून आटवलं की आणखी घटतं.

चहाबाज

दहा दिवसांनी धागा वर काढतोय. मुंग्या अजून आहेत, पण जिना चढताना दम लागत नाही. डॉक्टरांनी पित्ताची गोळी थांबवून पाहूया म्हटलंय.

आज दूधवाल्या मामांना विचारलं, म्हशीला खनिज मिश्रण देता का, त्यात कोबाल्ट असतं का? म्हणाले, "पिशवीवर लिहिलं आसंल, मी काय वाचून घालतो व्हय? पर तुमच्या पायाला मुंग्या येत्यात, तिथं माझ्या म्हशीचा काय संबंध?"

गोठ्यातला_डॉक्टर

पिशवीचा फोटो मागवून इथे टाका. वाचून सांगतो.